मूठ किती वाजता मिटते? (आमवाताच्या निदानाआधीचे महिने)

ताम्हण
रविवार, सकाळी ११:४०

हा धागा काढायचं कधीपासून मनात होतं. आता टायपायला बोटं साथ देताहेत, तर लिहूनच टाकते. लांबलाय, चहा घेऊन बसा.

मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात तो. वय ३६, मुक्काम नाशिक, नोकरी बँकेत, बसते कॅश काउंटरला. निदान एप्रिलमध्ये झालं आणि त्रास सुरू झाला होता आदल्या सप्टेंबरात. मधले सात महिने मी स्वतःला काय काय समजावलं आणि बाकीच्यांनी मला काय काय समजावलं, तेवढंच इथे लिहायचंय.

धाकटा तेव्हा तीन महिन्यांचा होता. सकाळी त्याच्या झबल्याची टिचबटणं मला लागेनात. अंगठा आणि बोट जवळ यायचं, पण दाबायला जोरच नाही. तीच बटणं दुपारी चटचट लागायची. त्यामुळे मनावर घेतलंच नाही. रात्री चार वेळा उठणाऱ्या बाईचे हात सकाळी चालत नाहीत, यात नवल ते काय!

मग पाटल्या. आईने बारशाला केलेल्या. साबण लावूनही उजव्या हातात चढेनात. सासूबाई म्हणाल्या, "अंग भरलंय गं तुझं." भरलं होतंच. पण मूठ मिटली की बोटांच्या मुळाशी चार उंचवटे येतात ना, त्यांच्या मधल्या खळग्याही बुजल्या होत्या. अंग भरल्याने त्या अशा बुजत नाहीत, हे मला आज कळतं. महिन्याभरात डाव्या हाताचंही तेच झालं.

पायांचं तर मी कुणाला सांगितलंच नाही. पलंगावरून उतरून पाय टेकवला की चवड्याखाली कुणीतरी गोट्या पेरून ठेवल्यासारखं वाटायचं. टाच नाही, चवडा. न्हाणीघरापर्यंत भिंतीला धरून जायचं आणि नऊ वाजता बससाठी पळायचं. पळता येतंय म्हणजे पाय ठीक आहेत, असा माझा हिशोब.

संध्याकाळी अंगात कसकस असायची. थर्मामीटर लावला की ९९ च्या आगेमागे. भूक मेली. चार किलो वजन उतरलं आणि ऑफिसात सगळ्यांनी अभिनंदन केलं. एकीने तर डाएट विचारलं.

आता कारणं ऐका. सासूबाईंच्या मते मी सव्वा महिन्यातच कानाला फडकं न बांधता गच्चीवर गेले, वारं लागलं. आईच्या मते डिंकाचे लाडू कमी पडले. काउंटरवरचा सहकारी म्हणाला, नोटा मोजून मोजून होतं, मशीनवर मोजत जा. फॅमिली डॉक्टरांनी डी जीवनसत्त्व तपासलं, ते खरंच कमी निघालं, आणि पुढचे दोन महिने सगळ्यांचं समाधान झालं! आठवड्याला एक पुडी दुधातून घ्यायची. कमतरता भरून निघाली, बटणं काही लागली नाहीत. मग हाडांचे डॉक्टर. मनगटाचा एक्स-रे स्वच्छ. मूल उचलून अंगठ्याच्या शिरेला सूज येते म्हणाले, पट्टा दिला. गंमत म्हणजे यातलं कुठलंच कारण वेडगळ नव्हतं. बाळंतिणींना अंगठ्याचं ते दुखणं होतंच. म्हणून तर सात महिने गेले.

मार्चमध्ये नणंदेने तिच्या ओळखीच्या एका फिजिशियनबाईंकडे नेलं. मी नेहमीचं पाठ केलेलं सांगितलं, "सकाळी जरा आखडतं." त्यांनी विचारलं, "जरा म्हणजे किती वेळ?" मला सांगता येईना. किती दुखतं ते सगळ्यांनी विचारलं होतं, किती वेळ ते कुणीच नाही. त्या म्हणाल्या, उठल्यावर घड्याळ बघा, मूठ पूर्ण मिटली की परत बघा, दोन आठवडे लिहा आणि या.

स्वयंपाकघरात दुधाच्या हिशोबाचं कॅलेंडर असतं, त्यावरच लिहायला लागले. उठले ५:५०, मूठ ७:२५. उठले ६:००, मूठ ७:४०. एका रविवारी उठले ७:१५, मूठ ९:०५. चौदा दिवसांत एकदाही तासाच्या आत मिटली नव्हती. दूध दीड लिटर, आखडणं दीड तास, एकाच चौकोनात. ते पान बघून पहिल्यांदा मला भीती वाटली.

पुढच्या भेटीत त्यांनी शेकहँड केल्यासारखा माझा हात आडवा धरून हलकेच दाबला, आणि मी ओरडले. मग रक्त. अँटी सीसीपी भरपूर वाढलेलं, आरए फॅक्टर पॉझिटिव्ह (या दोन्ही आमवातात रक्तात सापडणाऱ्या खुणा), आणि सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारा आकडा, वाढलेला. एक्स-रे अजूनही स्वच्छ. हाताची सोनोग्राफी केली तेव्हा सांध्यांच्या आतलं अस्तर सुजलेलं दिसलं. मग ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे सांध्यांच्या अशा आजारांचे तज्ज्ञ. बाळ अंगावर पीत होतं म्हणून आधी त्याला चालतील अशी औषधं दिली, दूध तुटल्यावर मेथोट्रेक्सेट ही आमवाताची गोळी. आता मूठ उठल्यावर दहा मिनिटांत मिटते.

तुमची किंवा घरातल्या कुणाची पहिली खूण कोणती होती? दुखायला लागलं त्याच्याही आधीची. तेवढंच लिहा. उपाय विचारत नाहीये, ते माझ्या फॅमिली ग्रुपवर रोज येतात.


ओली_भेळ
रविवार, दुपारी १२:१५

वाचताना अंगावर काटा आला. माझी पहिली खूण दुधाची पिशवी. कात्री उचलून कापता येईना म्हणून दातांनी फाडायला लागले. मग कुकरचं झाकण. मग फडकं पिळणं. ओटा पुसायचं फडकं मी निथळतं तसंच नळावर टाकायचे, त्यावरून घरात दोनदा भांडण झालं. आळशी झालीय म्हणे. मलाही तसंच वाटायला लागलं होतं, हे जास्त वाईट.

सकाळची कणीक मळणं मी गुपचूप संध्याकाळवर ढकललं होतं. ठरवून नाही, आपोआप. आपण किती गोष्टी हळूहळू दुपारनंतर करायला लागतो, ते कुणी दाखवल्याशिवाय कळतच नाही.


पायमोडका
रविवार, दुपारी १:०२

पुरुषांतर्फे हजेरी. पुणे, वय ४४. माझं पायांपासून सुरू झालं. तीन महिन्यांत तीन जोडी बूट बदलले. सिलिकॉनच्या गाद्या घातल्या. शेवटी लॅबचं 'आर्थ्रायटिस पॅकेज' केलं, त्यात युरिक ऍसिड ७.४ आलं. झालं! त्या दिवसापासून तूरडाळ बंद, पालक बंद, टोमॅटो बंद. मी सहा महिने मुगाच्या पाण्यावर काढले. युरिक ऍसिड ६ वर आलं आणि पायाच्या जोडीला हात सुजले. बायको म्हणाली, तुरीचा काही दोष नव्हता बिचारीचा.

निदान झालं त्या दिवशी घरी येऊन आधी आमटी ओरपली.

अवांतर: दिवसाला आठ-दहा सिगरेटी होत्या. डॉक्टर म्हणाले, या आजारात धूम्रपानाचा वाटा पक्का ठाऊक आहे, आणि ओढत राहिलात तर औषधंही नीट लागू पडत नाहीत. सोडल्या. ते पथ्य मात्र खरं निघालं.


रामबाण
रविवार, दुपारी २:३०

ताई, निर्गुडीचं तेल कोमट करून रात्री चोळा, सकाळी लसूण घातलेलं दूध. आमच्या काकूंचे गुडघे २१ दिवसांत मोकळे झाले. या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात, विचार करा.


ताम्हण
रविवार, दुपारी २:४५

काकूंचं वय ७० च्या पुढे आणि दुखतात ते फक्त गुडघे, बरोबर? मग त्यांचा आजार वेगळा आणि माझा वेगळा. मला आपल्या 'वात' या शब्दाचाच राग यायला लागलाय. आजीचे झिजलेले गुडघे म्हणजे वात, माझी सुजलेली बोटं म्हणजे वात, पाठीत उसण भरली तरी वात. एकच शब्द असला की एकच तेलाची बाटली सगळीकडे फिरते.


वैद्य_गावठाण
रविवार, दुपारी ४:१०

मी आयुर्वेदाचा पदवीधर, म्हणून दोन शब्द. आमच्याकडे हे वेगवेगळेच आहेत. झिजेचा तो संधिगत वात, सांधे सुजून ताप, अरुची, अंग जड होणं हे सगळं बरोबर येतं तो आमवात. माधवनिदान या आमच्या जुन्या ग्रंथात आमवाताचं स्वतंत्र प्रकरण आहे. आणि रामबाण, आम (नीट न पचता अंगात साठलेला अंश) असताना तेल चोळू नका असंच आमचं शास्त्र सांगतं. शेकायचं तर कोरडं, वाळूच्या पुरचुंडीने. तेव्हा तुमचं निर्गुडी तेल आयुर्वेदाच्या नावावरही इथे बसत नाही.

माझ्याकडे असा रुग्ण आला, विशेषतः तरुण, दोन्ही हात सुजलेले, तर मी आधी रक्त तपासायला आणि ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे पाठवतो. सांधा एकदा वाकडा झाला की तो आमच्याकडेही सरळ होत नाही आणि त्यांच्याकडेही नाही.


आडगावकर
रविवार, रात्री ९:२०

आईची गोष्ट सांगतो. आमच्याकडे २००६ मध्ये चिकुनगुनियाची साथ आली होती, तेव्हा अख्खी गल्ली वाकून चालायची. बाकीचे बरे झाले, आई वाकलेलीच राहिली. पुढे कधीही दुखलं की "चिकुनगुनियाचं उरलंय" एवढं म्हणून विषय संपायचा. तेच म्हणत चार वर्षं गेली.

मग कुणीतरी एका गावातल्या पुडीवाल्याचं नाव सांगितलं. जडीबुटीची पुडी, दिवसातून दोनदा. खोटं का बोलू, तिसऱ्या दिवशी आई विहिरीवर गेली. आम्ही आजूबाजूच्या चार घरांत त्याचं नाव सांगितलं. वर्षभराने आईचा चेहरा गोल गरगरीत झाला, साखर वाढली, जरा खरचटलं की काळंनिळं. शहरातले डॉक्टर चेहरा बघूनच म्हणाले, यात स्टेरॉइड असणार.

त्या वर्षात सूज दबली, पण आतून सांधे जातच होते. आज आईची बोटं करंगळीच्या बाजूला कललेली आहेत. ती पोळी लाटते, पण लाटणं मुठीत धरत नाही, तळव्याने ढकलते.

चार घरांत नाव सांगितलं त्याचं मला अजून वाईट वाटतं.


स्टेथो_बाजूला_ठेवून
रविवार, रात्री १०:४८

फिजिशियन आहे, ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट नाही, पण असे रुग्ण आधी आमच्याकडेच येतात. धागा फार कामाचा आहे. इथे कुणाचं निदान करणार नाही, काही गोष्टी मात्र सांगतो.

आडगावकर, आधी तुमचं. अशी पुडी चालू असल्याचा संशय आला तर ती एका दिवसात बंद करू नका, डॉक्टरकडे घेऊन जा. महिनोन्महिने स्टेरॉइड पोटात जात असेल तर शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. एकदम तोडलं तर जिवावर बेतू शकतं.

चिकुनगुनियाचं म्हणाल तर तो आमवाताची हुबेहूब नक्कल करतो. दोन्ही हात, मनगटं, घोटे, सकाळचं आखडणं, सगळं. इतर बऱ्याच विषाणूंची सांधेदुखी सहा आठवड्यांच्या आत आवरते, याची महिनोन्महिने रेंगाळते. म्हणून ताप येऊन गेला होता का, हे विचारावंच लागतं. पण सूज टिकून असेल तर "साथीचं उरलंय" म्हणून सोडून देऊ नये.

ताम्हण यांच्या डॉक्टरबाईंनी विचारला तो प्रश्न खरोखर मोलाचा. झिजेच्या सांधेदुखीतही सकाळी आखडतं, पण दहा-पंधरा मिनिटं, फार तर अर्धा तास. पुढे वापर वाढेल तसं दुखणं वाढतं आणि बसलं की बरं वाटतं. आमवातात उलटं. विश्रांतीनंतर जास्त आणि हालचालीने मोकळं. तास-तासभर आखडत असेल तर आत दाह आहे असं समजून शोध घ्यायचा.

दुसरं म्हणजे जागा. बोटांची मुळं, बोटांचे मधले सांधे, मनगटं, पायाचे चवडे. नखाजवळचा शेवटचा सांधा आमवात सहसा सोडून देतो. आणि सूज दाबून बघा. मऊ, भिजवलेल्या कणकेसारखी लागली तर सांध्याचं अस्तर सुजलेलं असतं. दगडासारखी टणक लागली तर बहुतेक हाड वाढलेलं असतं.

आता रक्ततपासण्या, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणजे आमवात नाही, असं नाही. साधारण दहातल्या सात-आठ रुग्णांत तो सापडतो, उरलेल्यांत नाही. उलट, वय झालेल्या धडधाकट माणसांत, क्षयात, कावीळ सी मध्येही तो पॉझिटिव्ह येऊ शकतो. अँटी सीसीपी जास्त नेमकी. पायमोडक्यांच्या पॅकेजात एएसओ पण असेल. ती घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंची खूण, तिचा आमवाताशी संबंध नाही, पण ती वाढलेली दिसली म्हणून वर्षानुवर्षं पेनिसिलिनची इंजेक्शनं घेणारे लोक मी पाहिलेत. युरिक ऍसिडचंही तसंच. आकडा वाढलेला असणं आणि गाउट (युरिक ऍसिडचे खडे सांध्यात साठून होणारा आजार) असणं या दोन गोष्टी आहेत.

एक्स-रे पहिल्या काही महिन्यांत स्वच्छच असतो. त्यात हाड कुरतडलेलं दिसेपर्यंत थांबलो तर कशाची वाट पाहिली? २०१० मध्ये अमेरिकन आणि युरोपियन संघटनांनी मिळून जे निकष केले, त्यांत म्हणूनच एक्स-रेला गुण ठेवलेले नाहीत. किती आणि कुठले सांधे, रक्तातली प्रतिद्रव्यं (आरए फॅक्टर, अँटी सीसीपी), ईएसआर-सीआरपी हे सुजेचे आकडे, आणि सहा आठवडे झाले का. दहापैकी सहा गुण झाले की आमवात धरतात. युरोपियन शिफारस अशी की सूज आल्यापासून सहा आठवड्यांत तज्ज्ञांनी पाहावं आणि तीन महिन्यांत औषध सुरू व्हावं. आपल्याकडे तेवढ्यात डी जीवनसत्त्वाच्या पुड्याही संपत नाहीत.


खडीसाखर_नको
सोमवार, सकाळी ८:०५

माफ करा, पण असे धागे वाचून उद्या सगळ्या बायका मुठी मिटून बघत बसतील. कुणाला सकाळी आखडत नाही? चाळिशीनंतर अंग बोलतंच. लॅबवाल्यांची दिवाळी.


स्टेथो_बाजूला_ठेवून
सोमवार, सकाळी ९:३०

शंका रास्त आहे. आमवात प्रौढांत अर्धा ते एक टक्का लोकांना होतो, म्हणजे सकाळी आखडणाऱ्या बहुतेकांना तो नसतो. थायरॉइड कमी असेल तरी सांधे धरतात, मधुमेहात खांदा आणि बोटं धरतात. म्हणून तर रक्त नंतर, घड्याळ आधी. घड्याळाला पैसे पडत नाहीत.


उजनीकाठ
सोमवार, सकाळी १०:१०

अवांतर आहे, पण अभिमानाने सांगतो. लोक आमचं पुणे जिल्ह्यातलं भिगवण रोहित पक्ष्यांसाठी ओळखतात. सांध्यांच्या डॉक्टरांना ते दुसऱ्याच कारणाने माहीत आहे. १९९६ मध्ये पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने इथे घरोघर जाऊन कुणाचं काय दुखतं त्याची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड नावाच्या कार्यक्रमातली. आत्याला अजून आठवतं, "आमाला इच्यारलं, बाई तुजं काय काय दुकतं? जल्मात पैल्यांदा कुनी इच्यारलं."


निशिगंध_पहाटे
सोमवार, दुपारी ३:४४

माझी खूण सगळ्यांहून विचित्र, त्यामुळे मला कुणी खरंच मानलं नाही. एक दिवस अचानक मनगट लालभडक, हात लावू देणार नाही इतकं. दोन दिवसांत गायब. काही मागमूस नाही. तीन आठवड्यांनी दुसरं मनगट. मग गुडघा. मग एकदम दोन महिने काहीच नाही. डॉक्टरांकडे जायच्या दिवशी मी ठणठणीत! नवरा म्हणायचा, तुझं दुखणं अपॉइंटमेंटला घाबरतं.

त्याला पॅलिंड्रोमिक ऱ्हुमॅटिझम असं नाव आहे, हे दोन वर्षांनी कळलं. काहींचं तेवढ्यावरच राहतं, काहींचं पुढे आमवातात जातं. माझी अँटी सीसीपी पॉझिटिव्ह होती आणि माझं गेलं. अशा लोकांनी एक करा, सूज असेल त्या दिवशी फोटो काढून ठेवा. तारीख आपोआप पडते. माझं म्हणणं शेवटी त्या फोटोंनीच खरं ठरवलं.


मधली_सुट्टी
सोमवार, सायंकाळी ६:२०

मी ५४, निवृत्त शिक्षिका. नखांच्या मागच्या सांध्यांवर टणक गाठी आल्यात, दोन्ही हातांना. सकाळी पाच-दहा मिनिटं धरतात. धागा वाचून दोन दिवस झोप नाही. आईलाही अशाच होत्या.


स्टेथो_बाजूला_ठेवून
सोमवार, सायंकाळी ७:१५

बाई, झोपा निवांत. तुम्ही सांगताय त्या जागा, तो टणकपणा, तो वेळ आणि आईलाही असणं, हे झिजेकडे बोट दाखवतं. तरी एकदा दाखवून या. अंगावर किंवा डोक्यात सोरायसिसचे चट्टे असतील, नखांना टाचणीने टोचल्यासारखे खड्डे असतील, तर तेही सांगा. सोरायसिसची सांधेदुखी त्या शेवटच्या सांध्याला धरते.


पोथीनिष्ठ
सोमवार, रात्री ११:०५

ताम्हण यांचं बाळंतपणानंतर तीन महिन्यांत सुरू झालं, त्यावरून एक जुनी गोष्ट. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाचे डॉक्टर होते. १९२९ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की आमवाताच्या एका रुग्णाला कावीळ झाली आणि त्याचे सांधे मोकळे झाले. पुढे दिसलं की गरोदर बायकांचाही आमवात नाहीसा होतो आणि बाळंतपणानंतर परत येतो. शरीरच काहीतरी तयार करत असणार, म्हणून त्यांनी वीस वर्षं शोध घेतला. १९४८ मध्ये एका रुग्णाला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड टोचलं, आणि अंथरुणाला खिळलेली बाई काही दिवसांत चालायला लागली. १९५० चं नोबेल मिळालं, केंडाल आणि राइकश्टाइन या रसायनशास्त्रज्ञांबरोबर. आडगावकरांच्या पुडीत बहुधा त्याच कुळातलं काहीतरी होतं.

तेव्हा "बाळंतिणीला वारं लागतं" म्हणणाऱ्या सासवांनी दुखणं बरोबर टिपलं होतं, वारा तेवढा चुकला.


ताम्हण
मंगळवार, सकाळी ६:५५

पोथीनिष्ठ, हे सासूबाईंना वाचून दाखवलं. पहिलं अर्धं वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

गरोदरपणात मी अगदी ठणठणीत होते, हे आता आठवतंय. त्याआधी वर्षभर कधीतरी एखादं बोट सुजायचं आणि जायचं. म्हणजे सप्टेंबर ही सुरुवात नसेलही.

मेथोट्रेक्सेटबद्दल विपुत (माझ्या विचारपूस पानावर) बऱ्याच जणींनी विचारलंय, एवढंच इथे सांगते: ती गोळी आठवड्यातून एकदाच असते, रोज नाही. माझी मंगळवारी, म्हणजे आज. डबीवर मोठ्ठं 'मंगळ' लिहिलंय. चुकून रोज घेतली तर जीव जाऊ शकतो, हे मला तीन वेगवेगळ्या लोकांनी दम देऊन सांगितलं होतं. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना चालत नाही. बाकी सगळं आपापल्या डॉक्टरांना विचारा.


नुसतीच_वाचक
मंगळवार, दुपारी १:३०

पाच वर्षं इथे नुसतीच वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. लातूर, वय २९. लग्न ठरतंय, म्हणून खरं तर कुठे बोललेच नव्हते. दोन महिने झाले. दोन्ही हातांची पहिली दोन बोटं मुळाशी सुजतात. सकाळी वेणी घालता येत नाही, आई घालते. तिला वाटतं मी लाडात आलेय. इथल्या डॉक्टरांनी आरए फॅक्टर केला, निगेटिव्ह. पेनकिलर दिली, ती घेतली की बरं वाटतं. डॉक्टर म्हणाले, काही नाही, टेन्शन आहे लग्नाचं.

धागा वाचून आज मोजलं. उठले ६:१०, पूर्ण मूठ ८:०५.


ओली_भेळ
मंगळवार, दुपारी १:४१

अगं, पहिलं सांगते, लग्नाचं मनातून काढ. माझं निदान लग्नाआधी झालं, त्याला सगळं सांगितलं होतं, दोन पोरं आहेत. मुलं हवी असतील तेव्हा औषधं आधी बदलावी लागतात, डॉक्टर ठरवून देतात. आईला आज संध्याकाळी हात दाखव. नुसतं सांगू नकोस, तिच्या हातात हात दे आणि दाब म्हणावं.


स्टेथो_बाजूला_ठेवून
मंगळवार, दुपारी २:२०

निगेटिव्ह आरए फॅक्टरवर थांबू नका. ऱ्हुमॅटॉलॉजिस्टची वेळ घ्या. तुमच्याकडे नसतील तर मोठ्या शहरात, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेडिसिन ओपीडीतूनही सुरुवात करता येते. जाताना तीन गोष्टी न्या: वेळांचा कागद, सुजलेल्या हातांचे फोटो, आणि आत्तापर्यंत घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं. पेनकिलरने सूज झाकली जाते, तेव्हा किती घेतल्या ते स्पष्ट सांगा. त्याआधी कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊ लागलं तर तपासणी होईपर्यंत थांबू का, असं विचारा. आणि गेल्या काही महिन्यांत ताप येऊन गेला होता का, आठवून ठेवा.


आडगावकर
मंगळवार, रात्री ८:५०

लातूरहून पुण्याला किंवा सोलापूरला जाणार असाल तर आधी फोन करून वार विचारून घ्या, रोज बसत नाहीत. आम्ही आईला घेऊन दोनदा फुकट गेलो होतो.


नुसतीच_वाचक
शुक्रवार, सकाळी ८:१२

पुढच्या बुधवारची वेळ मिळाली, पुण्याला. काका घेऊन जाणार आहेत. आईने परवा रात्री हात दाबून बघितला. तेव्हापासून काही बोलली नाहीये, पण आज वेणी घालताना माझ्याआधी तिनेच घड्याळ बघितलं.

आज ७:५०.